चिमाची चिंधी

परवा दुपारी ओट्यावर बसलो होतो. मोटारसायकलवरून एक माणूस आला. निमगाव सावाच्या बाजूचा. डोक्यावरचं हेल्मेट काढून त्यानं घाम पुसला नि विचारलं, "चिमाआक्का हायेत का घरात?"

मी म्हटलं, "न्हाई."

"कवा येतील?"

आता याला काय सांगायचं? मी म्हटलं, "बसा पावणं. पाणी घ्या."

पाणी प्यायला. मग म्हणाला, "आमच्या यात्रंत नारळावर बार टाकायचाय. चिंधी पायजे व्हती. चुलता म्हनला, चिंधी पायजे तर डोंगरात आक्काकडं जा, दुसरीकडं पाय झिजवू नगं."

तेव्हा सांगितलं. म्हटलं, आक्का जाऊन पाच महिने झाले. त्यानं हात जोडले, पण उठला नाही. म्हणाला, "मग बाबा, तुमी तरी सांगा. कापड वळखायचं कसं?"

मला धड सांगता येईना. पन्नास वर्षं त्या बाईबरोबर संसार केला, तिनं फाडलेल्या कापडाच्या ढिगात जेवलो, झोपलो, आणि परक्या माणसानं एक विचारलं तर मी नुसतं "सुती बघा" एवढंच म्हणालो. माणूस तसाच गेला. म्हणून लिहायला बसलो. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यात चौथी दोनदा. चुकलं तर चुकलं. तपासायला आता घरात कोणी नाही.

आधी बंदुकीचं सांगतो, नाहीतर चिंधीचं कळायचं नाही. आमची वाडी आंबेगाव तालुक्याच्या पार पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत. भाताला नि नाचणीला रानडुकरं येतात, वानरं येतात. म्हणून जुन्या लोकांकडं परवान्याच्या ठासणीच्या बंदुका आहेत. काम आवाज काढून जनावर पळवायचं. ठासणीची म्हणजे काडतुसाची नव्हे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून शिशाची गोल गोळी घालायची नि लोखंडी गजानं ती तळाशी ठासायची. आता गोळी असते नळीपेक्षा जरा बारीक. नुसती टाकली तर आत डुगडुगते नि बाहेर पडताना वाटेल तिकडं जाते. म्हणून ती कापडाच्या चिंधीत गुंडाळायची. चिंधी तिला चारी बाजूंनी आवळून धरते नि सरळ बाहेर आणते. बाहेर आली की चिंधी सुटून पाच-सात पावलांवर पडते, गोळी पुढं जाते.

चिमा हे एका वाक्यात सांगायची. "चिंधीनं लेकीला येशीपतूर घालवायला जायाचं नि माघारी फिरायचं. मधीच हात सोडायचा न्हाई, आन् चिकटून सासरी बी जायाचं न्हाई."

बंदूक तिच्या बापाची. म्हातारा डाकबंगल्यावर चौकीदार होता. त्याला मुलगा नाही, ही एकटीच. तो गेल्यावर शेताच्या राखणीचा परवाना हिच्या नावावर झाला. कचेरीतला कारकून म्हणाला, "बाईच्या नावावर बंदूक?" ही म्हणाली, "का? डुकरं काय मला बाई म्हनून सोडत्यात का?"

आमच्या वाडीच्या यात्रेत दुसऱ्या दिवशी सकाळी नारळावर बार टाकतात. सावरीच्या फांदीला दोरीनं नारळ टांगायचा, मागं डोंगराची उभी दरड, इकडं साठ पावलांवर रेघ. पोलीस पाटील उभा. एका बंदुकीला एकच बार. ज्या बंदुकीनं नारळ फुटेल ती दिवसभर देवापुढं हार घालून ठेवायची. म्हाताऱ्याच्या हयातीत हीच बंदूक देवापुढं असायची. तो गेला आणि पुढं कितीतरी वर्षं ती देवापुढं गेली नाही. कारण म्हातारा गेल्यावर बार टाकायला उभा राहिलो मी.

मी बार टाकला की नारळ सोडून सगळं हलायचं. एकदा सावरीची फांदी तुटली. एकदा नारळाच्या वर बसलेला कावळा उडाला, तर चिमा म्हणाली, "त्यो उडाला ह्येच लई झालं. मला वाटलं व्हतं आवाज बी निघायचा न्हाई." आजूबाजूच्या आठ वाड्यांनी तिच्या चिंध्या नेऊन नारळ फोडले, मी आमच्या बंदुकीनं एकही नाही. ती मला त्याबद्दल कधी घालूनपाडून बोलली नाही. पण यात्रा संपली की बंदूक पुसताना ती नळीवर हात ठेवून जरा वेळ बसायची. मला ते कळायचं. बापाच्या बंदुकीनं एकदा तरी देवापुढं जावं, एवढंच तिचं मागणं. दागिना मागितला असता तर परवडलं असतं.

दिसायला चिमा बुटकी नि काळी. हात मात्र पुरुषासारखे. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथं दोरा बांधलेला. बोलणं मोठ्यानं. डोंगरातली माणसं एका टेपाडावरून दुसऱ्या टेपाडावर बोलतात, तशी ती चुलीपुढं बसून माझ्याशी बोलायची. शेजारच्या घराला आमच्या आमटीत मीठ किती ते रोज कळायचं.

कापड हातात आलं की मात्र गप्प. आधी डोळे मिटून बोट नि अंगठ्यात चोळायची. मग ताणायची, उभं, आडवं, तिरपं. मग उन्हाकडं धरायची. उजेडाचे ठिपके दिसले की, "ही चाळन हाय, पीठ चाळा हिच्यात," म्हणून परत. ठिपके नाही दिसले तर कडेला दातानं चीर द्यायची नि कानापाशी नेऊन टरकन फाडायची. फाटल्याच्या आवाजावरून तिला वीण किती घट्ट ते कळायचं. शेवटी एक दोरा उपसून चुलीत. त्याची राख झाली, कागद जळाल्यासारखा वास आला, तर कापूस. आकसून काळा मणी झाला, तर म्हणायची, "पलास्टिक. बादली करा ह्याची."

नव्या कोऱ्या कापडाला ती हात लावायची नाही. त्यात खळ असते. "नवं कापड लई तोऱ्यात असतंय. धून धून त्याचा तोरा उतरला पायजे." म्हणून ती जुन्याच्या मागं. कुणाचं मांजरपाट, कुणाची बंडी, पिठाच्या जुन्या सुती पिशव्या. वापरलेलं, शंभरदा धुतलेलं, पण विरलेलं नाही, असं. हे ओळखणं अवघड. विरलेलं कापड दिसायला धडच दिसतं. एका बारात मधोमध भोक.

धुतलेल्या चिंधीला कारळ्याचं तेल नि मोहळाचं मेण, दोन्ही कोमट करून चोळायची. किती, ते विचारू नका. मी विचारलं होतं तर म्हणाली, "भाकरीला पानी किती लागतं त्ये सांगा, मग मी ह्ये सांगते."

आणि प्रत्येक बंदुकीची चिंधी वेगळी. नळ्या सगळ्या सारख्या नसतात ना. वाडीतल्या धोंडूच्या बंदुकीला मांजरपाट, वरच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याच्या बंदुकीला धोतराची दुहेरी, नामदेवच्या (त्याचं पुढं सांगतो) नि आमच्या बंदुकीला जाड गादीपाट, म्हणजे गादीच्या खोळीचं कापड. माझा फोन नंबर तिला कधी पाठ झाला नाही, पण या नळ्या पाठ होत्या. बार झाला की सगळी माणसं नारळाकडं बघायची, ही खाली पडलेली चिंधी उचलायची. कडा करपल्या असतील तर तेल कमी पडलं. एका अंगानं फाटली असेल तर ठासणाऱ्याचा हात तिरका. "धोंडूभाऊ, घाई केलीस. गज सरळ नव्हता." धोंडू डोळे फाडून बघायचा. ही तर तेव्हा त्याच्याकडं पाठ करून उभी होती.

या नादापायी तिनं मला चारचौघांत किती वेळा खाली बघायला लावलं त्याची गणती नाही. आमच्या थोरल्या मुलीला बघायला पेठ गावाहून पाहुणे आले. मी जमीन किती, पाणी किती, मुलगा काय करतो, हे विचारत होतो. ही पोह्याच्या बश्या ठेवायला वाकली नि मुलाच्या बापाच्या धोतराचा सोगा चिमटीत धरून तिथंच थांबली. पाहुणा सावरून बसला.

"पावणं," ही म्हणाली, "धोतार किती वर्साचं?"

"का वं?"

"न्हाई, सूत चांगलं हाय. जुनं झालं की टाकू नका. मला द्या."

मला वाटलं, झालं, स्थळ गेलं. पण तो माणूस मोठा हौशी. पोट धरून हसला. म्हणाला, "ईहीनबाई, पोरगी द्या, धोतार आत्ता देतो." लग्न जमलं. आणि तो गडी शब्दाला जागला. दर नागपंचमीला लेक माहेरी आली की तिच्या पिशवीत व्याह्यांचं एक जुनं धोतर, धुऊन, घडी घालून. माणसं फळं धाडतात, आमच्याकडं धोतर यायचं.

नामदेवचं सांगितल्याशिवाय तिचं पुरं होत नाही. नामदेव म्हणजे खालच्या वाडीचा, नात्यानं तिचा लांबचा दीर. बंदूक चालवण्यात आमच्या भागात एक नंबर आणि हट्टात दोन नंबर, कारण एक नंबर आमच्याच घरात होता. एका साली त्याला वाटलं, दरवेळी आक्काच्या दारात काय जायचं? घरात कापडाला काय तोटा?

आता आमच्याकडं लग्नात आहेर म्हणून शर्टपीस देतात. ते कोणी शिवत नाही. या लग्नात मिळालेलं त्या लग्नात द्यायचं. एकेक शर्टपीस पाच-सहा गावं फिरून परत मूळ धन्याकडं येतं. तसं एक नामदेवच्या ट्रंकेत होतं. त्याच्या काठावर लिहिलेलं, शंभर टक्के सुती. तो ते घेऊन मुद्दाम दाखवायला आला. "बघ वयनी, छापलेलं हाय!"

हिनं चिमटीत धरलं नि सोडलं. "छापनाऱ्यानं ह्ये घातलं न्हाई कवा."

"दोरा तर जाळून बघ."

"त्याच्यासाठी काडी कशाला वाया घालवू? अंगाला लावून बघ, घाम पुसतंय का ढकलतंय."

गेला रागानं. यात्रेच्या आधी रानात जाऊन त्या कापडाची चिंधी करून त्यानं दोन-तीन बार टाकले. मग नळी पुसायला गजाला फडकं गुंडाळून आत घातलं. शर्टपीसचं कापड आत वितळून नळीला डिंकासारखं बसलं होतं. त्यात फडकं अडकलं, गज अडकला. मागं येईना, पुढं जाईना. दगडावर पाय देऊन ओढलं, दोघांनी मिळून ओढलं, काही नाही. शेवटी त्याला बंदूक खांद्यावर टाकून लोहाराकडं जावं लागलं, आणि लोहाराची वाट आमच्या दारावरून. नळीतून हातभर गज बाहेर आलेला. बायाबापड्या विचारायच्या, "भाऊजी, ह्ये काय, छत्री का?"

चिमा ओट्यावर उभी. आता ही त्याला सोलणार म्हणून मी तयारीत बसलो. पण ही आत गेली, गादीपाटाच्या दहा चिंध्या आणल्या नि त्याच्या खिशात कोंबल्या. तो वीस पावलं गेल्यावर मात्र एकदम ओरडली, "नामाभाऊ, त्या शर्टपीसचं उरलेलं काय केलं?"

तो वळून म्हणाला, "ठिवलंय. तुझ्या नवऱ्याला आहेर करतो!"

त्या दिवशी ती भाकऱ्या थापता थापता हसत होती. तीन भाकऱ्या करपवल्या. मी मुकाट्यानं खाल्ल्या.

गादीपाटाचं असं होतं. डाकबंगल्यातल्या जुन्या गाद्या टाकून दिल्या, तेव्हा म्हाताऱ्यानं त्यांच्या खोळी घरी आणल्या होत्या. घट्ट विणीचं, जाड, पट्ट्यापट्ट्यांचं कापड. तसं आता मिळत नाही. म्हाताऱ्यानं जन्मभर तेच वापरलं, आणि राहिलेलं हिच्याकडं आलं. हिनं काय करावं? मागेल त्याला वाटलं. मी म्हणायचो, "अगं, आपल्यापुरतं तरी ठेव." म्हणायची, "चिंधी मागाया आलेल्याला न्हाई म्हनायचं? चिंधी हो, लुगडं न्हाई मागत त्यो."

मग गेल्या वर्षीची यात्रा आली. आम्ही दोघांनी ठरवलं होतं की ही शेवटची. मुलगा पुण्यात, त्याला बंदुकीत रस नाही. आमचं वय झालं. पावसाळ्याच्या आत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. म्हणजे यात्रेतला एकच बार राहिला. त्यात माझा उजवा हात कापायला लागलेला, चहाची बशी धरवत नव्हती. मी म्हटलं, "औंदा राहू दे." तर म्हणाली, "का? परवाना कुनाच्या नावावर हाय?"

"तू टाकनार बार?"

"तुमच्यापरीस वाईट काय व्हनार हाय?"

मी बंदूक पुसायचं फडकं तिच्याकडं सरकवलं.

यात्रेला आठ दिवस असताना नामदेव आला. ओशाळून दारात उभा. "वयनी, एक चिंधी." हिनं डबा उघडला. गादीपाटाचा एकच तुकडा, एका चिंधीपुरता. मी डोळ्यानं खुणावत होतो, नको, नको. ही बघून न बघितल्यासारखी. तेलमेण लावून त्याच्या हातात ठेवली. तो गेल्यावर मी ताडताड बोललो. "शेवटचा बार हाय गं! बापाची बंदूक हाय! आन् आपली चिंधी त्या नाम्याला? त्यानंच फोडला म्हंजे?"

"फोडंल तर फोडंल. त्येची नळी बी गादीपाटच मागती." मग डबा बंद करत म्हणाली, "आठ दिस हायेत. कापूस काय मेला न्हाई अजून."

मग सुरू झाला शोध. घरातली ट्रंक उपसली. व्याह्यांची धोतरं पातळ पडली, दुहेरी केली तर गोळी नळीत जाईना. मांजरपाट चालवून बघितलं, तीन बार वाया गेले, तिन्ही चिंध्यांना मधोमध भोक. वाडीतल्या बायकांनी परकर, उशांचे अभ्रे, कायकाय आणलं. चूल नुसती मण्यांनी भरली. "समदा गाव पलास्टिक नेसतोय," ती म्हणाली. पहिल्यांदा मी तिच्या तोंडावर काळजी बघितली. जेवताना घास हातात धरून दाराकडं बघत बसायची.

चौथ्या दिवशी एसटीनं नारायणगावला गेलो. मोठं दुकान. पोरगेला दुकानदार, केसांना तेल. "आजी, काय दाखवू?"

"जाड, सुती. आतबाहेर सुती."

त्यानं ठाण उलगडलं. "प्युअर कॉटन आजी. डोळे मिटून घ्या."

ही खरंच डोळे मिटून चोळायला लागली. त्याला ते काय कळेना. मग हिनं कमरेची पिशवी सोडली, काठाचा एक दोरा उपसला आणि काडी ओढली. तो गल्ल्यावरून उडी मारून आला. "आजी! दुकान पेटवता का काय! लाखाचा माल हाय!"

दोरा जळाला, आकसला. हिनं तो काळा मणी त्याच्या तळहातावर ठेवला. "ह्ये घे. तुझ्या कापसातनं मोती निघाला."

गिऱ्हाइकं हसायला लागली. त्याचं तोंड उतरलं. पण मुलगा चांगला होता. त्यानं तो मणी दोन बोटांत फिरवून बघितला नि म्हणाला, "आजी, मला बी असंच सांगून देत्यात वो." मग चहा मागवला, आणि हळूच आपल्या अंगावरच्या शर्टाची बाही पुढं केली. "हे बघा जरा. लई महाग घेतलाय." हिनं चिमटीत धरली नि काडेपेटी पिशवीत टाकली. "चहा घे आधी. मग सांगते."

कापड नाही मिळालं. परत येताना एसटीत ती खिडकीतून वाळत घातलेली धुणी बघत होती. दोऱ्यांवर माणसांची धुणी, वाडीमागून वाडी. मधेच सरळ होऊन बसली. मला वाटलं, ऊन लागलं.

यात्रेच्या पहिल्या सकाळी मी आंघोळीला गेलो. अंगावर पाणी घेऊन बाहेर आलो, टॉवेल गुंडाळून उभा. "अगं, माझी चड्डी कुठाय?"

"वाळत असंल."

"वाळत न्हाई."

"मग पडली असंल कुठं. दुसरी घाला. काय लगीन हाय का तुमचं?"

दुसरी घातली. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी रेघेवर पाच बंदुका. धोंडूची गोळी वरून गेली. दुसऱ्या दोघांच्या कुठं गेल्या ते दरडीला माहीत. मग नामदेव. त्यानं गोळी ठासली, गुडघ्यावर बसला. बार निघाला. नारळ गर्रकन फिरला, झुलला... आणि झुलतच राहिला. नुसती साल उडाली होती. मी हसलो नाही, पण फार कष्टानं.

मग चिमा रेघेवर आली नि गलका झाला. कमिटीचा एक जण म्हणाला, "बाईमानसानं बार टाकायची पद्धत न्हाई." दुसरा म्हणाला, "देवाचं काम हाय." पोलीस पाटील मान खाजवत होता. ही बंदूक टेकून उभी. "उभी ऱ्हाऊ का घरला जाऊ, ते एकदा ठरवा. मला भाकरी टाकायच्यात."

तेव्हा नामदेव पुढं आला. आत्ताच हरलेला, तोंड दारूच्या धुरानं काळं. म्हणाला, "ए, ज्यानं ह्या बाईच्या चिंधीबिगार कवा नारळ फोडला असंल त्यानं बोलावं. बाकीच्यांनी तंबाकू मळावी." तिघांनी खरंच तंबाखू काढली.

तिनं सगळं स्वतः केलं. दारू ओतली. कनवटीतून घडी घातलेली चिंधी काढली, नळीच्या तोंडावर पसरली, तिच्यात गोळी बसवली. गज सरळ, एकाच दाबात तळाशी. बंदूक उचलली. चष्म्याचा दोरा कानामागं सारखा केला. पदर खोचला. मी देवाचं नाव घेतलं नाही, मी तिच्याच हाताकडं बघत होतो. तो हात हलत नव्हता.

बार निघाला. धूर. धुरात काही दिसेना. मग आधी ऐकू आलं, दरडीवर करवंटीचे तुकडे टपटपले. धूर हटला तर सावरीला नुसती दोरी लोंबत होती नि तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

हलगी सुरू झाली. माणसं ओरडत नारळाकडं पळाली. आणि त्या धुरातून चिंधी गिरक्या घेत खाली आली, ती नेमकी नामदेवच्या पायापाशी. त्यानं उचलली. पसरली. कुठं भोक नाही, कुठं करप नाही. पांढऱ्यावर निळे पट्टे. आमच्या भागात असल्या पट्ट्यांची नाड्याची चड्डी घालत नाही असा म्हातारा दाखवा. नामदेवनं चिंधीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. खालून वर.

"वयनी," तो म्हणाला, "ह्ये कापड..."

"सुती हाय," चिमा म्हणाली. "बारा वर्सं धुतलंय मी. मला ठावं न्हाई तर कुनाला?"

मग जो हशा उठला! कमिटीचे लोक हसले, पोलीस पाटील टोपी काढून हसला. कर्ण्यावरचा माणूस धावत आला नि विचारायला लागला, "कापड कुठलं, कापड कुठलं?" मी त्याच्या पाया पडायच्या बेतात. चिमानं त्याला सांगितलं, "घरचंच हाय म्हनावं." आणि त्या गाढवानं कर्ण्यावरून साऱ्या डोंगराला सांगितलं की चिमाबाईंनी घरधन्याच्या कापडानं नारळ फोडला. दिवसभर लोक येऊन माझ्याशी हात मिळवत होते. बंदूक देवापुढं होती, हार घातलेली. चिमा तिच्यासमोर पाय पसरून बसली होती, चष्मा काढून. डोळे पुसायची, मग हसायची, मग परत पुसायची.

पावसाआधी बंदूक जमा केली. दिवाळीच्या तोंडावर चिमाला ताप आला नि तीन दिवसांत सगळं संपलं. दवाखान्यातलं तिचं तोंड मी आठवत नाही. आठवायचं नाही असं ठरवलंय. घरात कापड फाडल्याचा आवाज येत नाही, एवढं मात्र रोज कळतं.

मी तिला बघतो ती त्या यात्रेच्या संध्याकाळची. आम्ही बांधावरून घरी निघालेलो, ती पुढं, मी मागं. ऊन उतरलेलं. मी अजून घुश्श्यात. म्हटलं, "सांगायचं तरी व्हतं आधी."

"सांगितलं असतं तर दिली असती?"

"न्हाई."

"मग?"

थोडं चाललो. मी म्हटलं, "निम्मी तरी ठिवली का?"

ती थांबली. वळली. तोंडावर पदर धरला, पण खांदे हलायला लागले. "एक पाय हाय," म्हणाली. आणि तिथंच बांधावर बसली. हसता हसता तिला ठसका लागला, मी पाठीवर थापट्या मारल्या, तर जास्तच. मग मलाही आवरेना. दोन म्हातारी माणसं भर बांधावर, खाली वाडीतून लोक बघतायत. शेवटी तिनं हात वर केला, उठवा म्हणून. मी माझा कापरा हात दिला. ती उठली, लुगड्याची माती झटकली, आणि पुढं चालायला लागली. मागं न बघता, नेहमीसारखं साऱ्या डोंगराला ऐकू जाईल असं ओरडली, "चला बिगीबिगी. उद्या तुमच्यासाठी नवी शिवाया टाकायचीय, आन् औंदा कापड मी बघून घेनार!"